चौथा रनिंग बॅक कोण? अंतिम ५३ चा वाद घालण्याची रीत

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या, प्रत्येक संघाला ९० खेळाडूंमधून ५३ ठेवायचे असतात. त्याआधीचे तीन-चार आठवडे आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जो कीस पडतो, त्यात सगळ्यात जास्त शब्द रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यावर, खर्च होतात आणि सगळ्यात जास्त अंदाजही तिथेच चुकतात. बहुतेकांचा क्रमच उलटा असतो. आधी आवडता खेळाडू ठरतो, मग त्याच्यासाठी जागा शोधली जाते. संघाचा जनरल मॅनेजर आधी जागा मोजतो, नावं नंतर बघतो.

उदाहरणं मुद्दाम सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सची घेतली आहेत. या संघाचं मैदान सँटा क्लारात असल्यामुळे बे एरियातल्या मराठी मंडळींचा तो घरचा संघ. शिवाय २०२१ ते २०२५ या काळात त्याच्या रनिंग बॅकांनी या वादातले बहुतेक सगळे खाचखळगे दाखवून दिले आहेत.

तयारी: वाद सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

चार गोष्टी जमवा. एक, संघाच्या ९० जणांची ताजी यादी, कालची नव्हे. शिबिरात रोज कोणीतरी येतो आणि कोणीतरी जातो. दोन, गेल्या दोन-तीन वर्षांत याच प्रशिक्षकाने कटडाउननंतर (९० वरून ५३ वर आल्यावर) किती रनिंग बॅक आणि किती फुलबॅक (मुख्यतः पुढे राहून अडवणारे बॅक) ठेवले, त्याची नोंद. तीन, प्रत्येक बॅकचा करार: मूळ पगार किती, साइनिंग बोनसचा (सही करताना मिळालेल्या रकमेचा) किती भाग अजून हिशेबात यायचा आहे, आणि त्याचे किती मोसम भरले आहेत. चार, प्रीसीझनचे (मोसमाआधीच्या सरावाचे) तिन्ही सामने पाहण्याची सोय. नुसती स्कोअरशीट चालणार नाही.

फॅन्टसी लीगची (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून खेळायच्या खेळाची) क्रमवारी मात्र बाजूला ठेवा. ऑफिसातल्या लीगमध्ये कोणाला कितव्या फेरीत घ्यायचं, याच्याशी संघाच्या चौथ्या बॅकचा काही संबंध नाही. फॅन्टसीत धाव आणि झेल मोजतात. पंट (लाथेने दूर मारलेला चेंडू) अडवताना कोण कुठे उभा होता, ते कोणी मोजत नाही.

सावध: संघाच्या संकेतस्थळावरचा ‘अनधिकृत’ डेप्थ चार्ट (कोण कितव्या फळीत, याचा तक्ता) पुरावा म्हणून वापरू नका. तो बहुधा प्रसिद्धी विभागात तयार होतो आणि त्यात नवखे खेळाडू शिष्टाचार म्हणून तळाला टाकलेले असतात.

टप्पा १: आधी जागा मोजा, नावं नंतर

५३ मधून किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर हे तिघे वजा करा. उरलेले ५० साधारण निम्मे-निम्मे वाटले जातात, म्हणजे आक्रमणाला २५ च्या आसपास. त्यात पास फेकणारे क्वार्टरबॅक दोन किंवा तीन, पुढे अडवणारे ऑफेन्सिव्ह लाइनमन नऊच्या आगेमागे, पास झेलणारे रिसीव्हर पाच-सहा, अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारे टाइट एंड तीन-चार. एवढं झाल्यावर बॅकच्या खोलीला तीन ते पाच जागा उरतात, आणि त्या पाचात फुलबॅकही आला.

इथेच पहिली चूक होते. काइल यूजचेकसारखा फुलबॅक संघात असेल, तर त्याची जागा कुठून तरी जाणारच. कधी ती चौथ्या रनिंग बॅकची जाते, कधी चौथ्या टाइट एंडची. फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक काइल शॅनाहन यांच्या आक्रमणात फुलबॅक हा शोभेचा माणूस नाही. त्यामुळे त्यांच्या संघाचा हिशेब फुलबॅक न ठेवणाऱ्या संघाला लावू नका आणि त्या संघाचा इथे लावू नका.

दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा: सामन्याच्या दिवशी ५३ पैकी सगळे गणवेश घालत नाहीत. किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन सक्रिय असतील तर ४८ जणांना उतरवता येतं, नाहीतर ४७. म्हणून प्रश्न दोनदा विचारायचा असतो. हा ५३ मध्ये बसतो का? आणि बसला, तर रविवारी ४८ मध्ये का असेल? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसलेला बॅक पहिल्यातही कसाबसाच टिकतो.

पडताळणी: तुमच्या आक्रमणाच्या यादीची बेरीज २५ पेक्षा जास्त होत असेल, तर बचावातून कोण कमी केलात ते नावासकट लिहा. तसं नाव नसेल तर बेरीजच चुकली आहे.

टप्पा २: तीन रकाने करा

पहिला रकाना पक्क्यांचा. यात बहुतेक संघांत दोनच नावं येतात आणि त्यांच्यावर वेळ घालवू नका. क्रिश्चन मकॅफ्री संघात राहणार का, यावर कोणी वाद घालत नाही. तिसरा रकाना शिबिरापुरते आणलेल्यांचा: सरावाला पाय हवेत म्हणून घेतलेले, चौथ्या क्वार्टरमध्ये दिसणारे. वादाचा सगळा जीव मधल्या रकान्यात असतो. तिथे तीन-चार नावं आणि एक किंवा दोन जागा असतात.

मधल्या रकान्यातल्या प्रत्येक नावापुढे एकच ओळ लिहा: हा असं काय करतो, जे पक्क्या दोघांपैकी कोणी करत नाही किंवा त्यांच्याकडून संघ करवून घेणार नाही? ‘चांगला पळतो’ हे उत्तर नाही. चांगले पळणारे दोघे आधीच आहेत.

ड्राफ्टची (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीची) फेरी इथे किती धरायची? थोडी. २०२१ मध्ये फोर्टीनायनर्सनी ट्रे सर्मनला तिसऱ्या फेरीत ८८ व्या क्रमांकावर घेतलं आणि इलायजा मिचेलला सहाव्या फेरीत १९४ व्या क्रमांकावर. पहिल्याच आठवड्यात डेट्रॉइटमध्ये सर्मन तंदुरुस्त असूनही गणवेशाबाहेर बसला. रहीम मोस्टर्ट जखमी झाला, मिचेल उतरला आणि १०४ यार्ड धावला. त्या मोसमात त्याने ९६३ यार्ड केले, संघाच्या इतिहासात नवख्या खेळाडूने केलेल्या सर्वाधिक. फेरीमुळे एका ऑगस्टपुरतं संरक्षण मिळतं. दुसऱ्या ऑगस्टला ते फार उरत नाही. पुढे सर्मनचं काय झालं ते पाचव्या टप्प्यात येईलच.

टप्पा ३: स्पेशल टीम्सचा हिशेब

स्पेशल टीम्स म्हणजे चेंडू लाथेने मारण्याच्या खेळांना उतरणारी पथकं. तिसऱ्या-चौथ्या जागेचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो, आणि वाद घालणारे नेमका हाच टप्पा गाळतात.

किकऑफ, किकऑफ परतवणं, पंट, पंट परतवणं अशी मुख्य चार पथकं धरा. प्रत्येक काठावरच्या बॅकपुढे चार चौकटी काढा आणि प्रीसीझन सामन्यात तो कोणत्या पथकात होता, पहिल्या फळीत होता की बदली म्हणून, ते भरा. टीव्हीवर या वेळी बहुतेक लोक चहा करायला उठतात. या लेखातला एकच सल्ला घ्यायचा असेल तर हा घ्या: चहा आधी करून ठेवा.

पंटच्या वेळी मागे पंटरच्या पुढ्यात एक रक्षक उभा राहतो. समोरच्यांची मांडणी वाचून तोच सूचना देतो. हे काम बहुधा एखाद्या सेफ्टीकडे (बचावातल्या सर्वात मागच्या खेळाडूकडे) किंवा बॅककडे असतं. तुमचा काठावरचा उमेदवार तिथे पहिल्या फळीसोबत दिसला, तर त्याचं वजन लगेच वाढवा. इतक्या जबाबदारीची जागा प्रशिक्षक कोणालाही देत नाहीत.

किकऑफचे नियम २०२४ पासून बदलले आहेत आणि त्याचा फायदा बॅकनाच झाला. पूर्वी चेंडू सरळ मागच्या रेषेपलीकडे जायचा आणि खेळ तिथेच थांबायचा. आता असा टचबॅक दिला की समोरच्या संघाला आयती पुढची जागा मिळते. २०२४ मध्ये ती ३० यार्डांवर होती, २०२५ मध्ये ३५ वर आली. त्यामुळे संघ चेंडू मैदानात ठेवू लागले आणि तो परतवणाऱ्याला खरं काम मिळालं. चेंडू घेऊन गर्दीतून फट शोधणं हा बॅकचा धंदाच. म्हणून २०२२ च्या अंदाजांतले ठोकताळे आज जसेच्या तसे वापरू नका.

स्पेशल टीम्स न खेळणारा तिसरा बॅक किती अडचणीत येतो, हे पाहायचं तर वॉशिंग्टनचं २०१९ घ्या. एड्रियन पीटरसनने आदल्या मोसमात १,०४२ यार्ड केले होते. तरी पहिल्या सामन्यात प्रशिक्षक जे ग्रुडेन यांनी त्याला गणवेशच दिला नाही. डेरियस गाइस पुढे होता, आणि मागच्या जागांवरच्या माणसाने पंट-किकऑफला पळावं लागतं. पीटरसन ते करत नव्हता.

उलटं उदाहरण मोस्टर्टचं. ड्राफ्ट न झालेला, अर्धा डझन संघांनी सोडून दिलेला हा खेळाडू २०१६ मध्ये फोर्टीनायनर्सकडे आला आणि आधी स्पेशल टीम्सच्या जोरावर टिकला. जानेवारी २०२० मध्ये ग्रीन बेविरुद्धच्या एनएफसी (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात त्याने २२० यार्ड आणि चार टचडाउन केले. पण आधीच्या वर्षांत त्याची जागा पंटच्या मागे धावून राखली गेली होती.

पडताळणी: तुमच्या चौथ्या बॅकपुढच्या चारही चौकटी रिकाम्या असतील, तर त्याचं नाव खोडा. अपवाद फक्त एक: पहिल्या दोघांपैकी कोणी जखमी असेल तर.

टप्पा ४: प्रीसीझनचे सामने कसे पाहायचे

आकडेवारीचा मोह इथे सगळ्यात मोठा. ‘बारा धावांत ८५ यार्ड’ असं लिहून आलं की निम्मा ग्रुप त्याला संघात घालून मोकळा होतो. त्याआधी तीन गोष्टी विचारा.

पहिली, कोणता क्वार्टर? चौथ्या क्वार्टरमध्ये समोर असलेल्यांपैकी बरेच जण आठ-दहा दिवसांत बेकार होणार असतात. पहिल्या क्वार्टरमधले पंधरा यार्ड तिथल्या पन्नासांपेक्षा जास्त सांगतात. दुसरी, पुढे लाइन कोणाची होती? पहिल्या फळीमागे धावणं वेगळं आणि तिसऱ्या फळीमागे धावणं वेगळं. तिथे दोन यार्ड मिळवणाऱ्यानेही दोघांना चुकवलेलं असू शकतं. तिसरी, चेंडू हातात नसताना त्याने काय केलं?

या तिसऱ्या प्रश्नावर थांबा. पासच्या खेळात बॅकला ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडून केलेली चाल) ओळखून अडवावी लागते. कोण येतोय हे ओळखलं का, योग्य माणसापुढे गेला का, आणि धडक देऊन थांबवलं का, असे तीन वेगळे गुण द्या. महागड्या क्वार्टरबॅकला एकदा जमिनीवर झोपवू देणारा नवखा बॅक कितीही चपळ असला, तरी तिसऱ्या डाउनला, म्हणजे चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, बाकावरच दिसतो. सामना पुन्हा लावा, चेंडू सोडून द्या आणि फक्त त्या बॅककडे बघा. कंटाळवाणं काम आहे, पण वादात त्यामुळे तुमचं पारडं जड होईल.

फंबल, म्हणजे हातातून चेंडू निसटणं, तेही याच रकान्यात. काठावरच्या खेळाडूचा एक फंबल बाकीच्यांच्या तीन फंबलइतका महाग पडतो.

कोण खेळला यापेक्षा कोण खेळला नाही, हेही नोंदवा. शेवटच्या प्रीसीझन सामन्यात तंदुरुस्त असून एखाद्याला बसवलं असेल तर तो बहुधा सुरक्षित असतो. अनुभवी खेळाडू मात्र तिसऱ्या सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानात दिसला, तर लक्षण बरं नाही.

सावध: शिबिराच्या बातम्यांमधला ‘फारच छान दिसतोय’ हा शेरा दरवर्षी प्रत्येक संघात कोणाला तरी मिळतो. तो कोणत्या फळीसोबत सराव करत होता, एवढीच माहिती त्यातून उचला.

टप्पा ५: कागद बघा, म्हणजे करार, वेव्हर आणि दुखापत

मैदानावरची बरोबरी कागदावर सुटते.

करार आधी. साइनिंग बोनस कराराच्या वर्षांत वाटून हिशेबात धरतात. समजा चार वर्षांच्या करारावर बोनस आठ लाख डॉलर. म्हणजे वर्षाला दोन लाख. दोन वर्षं झाल्यावर ऑगस्टमध्ये सोडलं, तर या वर्षाचे दोन लाख या वर्षात राहतात आणि पुढचे दोन लाख पुढच्या वर्षावर जातात. पगार वाचतो, बोनस वाचत नाही. तळाच्या बॅकच्या बाबतीत ही रक्कम इतकी लहान असते की ‘पैशांमुळे त्याला सोडणार नाहीत’ हा युक्तिवाद सहसा टिकत नाही. उलट अनुभवी खेळाडूचा मूळ पगार नवख्याच्या तिप्पट असेल आणि काम तेच असेल, तर मात्र पैसा बोलतो.

मग वेव्हर. चारपेक्षा कमी मोसम भरलेला खेळाडू सोडला की तो वेव्हरवर जातो आणि बाकीच्या ३१ संघांना त्याच्यावर दावा करता येतो. चार किंवा जास्त मोसम भरलेला अनुभवी खेळाडू ऑगस्टमध्ये थेट मोकळा होतो. यातून एक नेहमीची चाल निघते: अनुभवी बॅकला ‘आज सोडतो, उद्या परत घेतो’ असं सांगून सोडायचं आणि तरुणाला ५३ मध्ये ठेवायचं, कारण तरुणाला दुसरा कोणी उचलेल ही भीती असते. पहिल्या सामन्याच्या वेळी अनुभवी खेळाडू यादीत असला, तर त्याचा मोसमाचा पगार बांधील होतो. त्यामुळे काही वेळा परत घेणं पहिल्या आठवड्यानंतरवर ढकलतात.

‘याला सोडला तर नक्की उचलतील’ हे वाक्य वादात फार स्वस्त झालं आहे. दावा करणाऱ्या संघाला त्या खेळाडूला आपल्या ५३ मध्ये जागा द्यावी लागते, म्हणजे स्वतः निवडलेल्या कोणाला तरी काढावं लागतं. भारताच्या पंधरा जणांच्या संघात तिसऱ्या यष्टिरक्षकासाठी कोणता गोलंदाज घरी पाठवायचा, तसलाच हा प्रश्न. म्हणून कोणत्या संघात बॅकची खरी टंचाई आहे ते सांगता आलं तरच ही भीती दाखवा.

आता २०२२ चं ऑगस्ट बघा. संघात मिचेल, जेफ विल्सन, सर्मन, जमायकल हेस्टी, त्या वर्षी तिसऱ्या फेरीत घेतलेला टिरियन डेव्हिस-प्राइस आणि ड्राफ्ट न झालेला जॉर्डन मेसन. नावाच्या वजनाने पाहिलं तर मेसन सगळ्यात हलका. झालं असं की हेस्टी सुटला आणि जॅक्सनव्हिलने त्याला उचललं. सर्मन पहिल्या यादीत आला, पण दुसऱ्याच दिवशी त्याला सोडलं आणि फिलाडेल्फियाने दावा केला. मेसन राहिला. सुरुवातीचे आठवडे त्याला आक्रमणात चेंडू जवळपास मिळालाच नाही. तो स्पेशल टीम्सवर पळत होता. दोन वर्षांनी, २०२४ च्या पहिल्या सामन्यात मकॅफ्री बाहेर बसला तेव्हा न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध याच मेसनने २८ धावांत १४७ यार्ड काढले.

शेवटी दुखापतीचे नियम. पीयूपी यादीवर (शिबिर सुरू होतानाच जखमी असलेल्यांच्या यादीवर) मोसम सुरू करणारा खेळाडू ५३ मध्ये मोजत नाहीत, पण तो निदान चार सामने मुकतो. शिबिरात त्याने एकदा जरी सराव केला असेल, तर हा रस्ता बंद. आयआर म्हणजे जखमींची राखीव यादी. कटडाउनच्या आधी त्यावर टाकलेल्याचा मोसम संपतो. २०२४ पासून कटडाउनच्या दिवशी दोघांना ‘परत येणार’ अशी खूण करून ठेवता येते. बाकी कोणाला परत आणायचं असेल, तर त्याला आधी ५३ मध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी आयआरवर न्यावं लागतं. २०२४ मध्ये मिचेलला कटडाउनच्या सुमारास आयआरवर टाकलं आणि त्याचा मोसम तिथेच संपला.

पडताळणी: मधल्या रकान्यातल्या प्रत्येकापुढे ‘वेव्हरवर जाईल’ किंवा ‘थेट मोकळा’ असं लिहिलं आहे ना?

टप्पा ६: बाहेरच्या माणसासाठी फट ठेवा

तुमची यादी आजच्या ९० जणांपुरती असते, संघाची तशी नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये कटडाउनला काही दिवस उरले असताना वॉशिंग्टनने ब्रायन रॉबिन्सनला ड्राफ्टच्या सहाव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात फोर्टीनायनर्सकडे पाठवलं. तिकडे सातव्या फेरीतला नवखा जकोरी क्रॉस्की-मेरिट पुढे सरकला, आणि इकडे काठावर बसलेल्यांची एक जागा गेली. शिबिरात दोन-तीन बॅक जखमी असतील तर मधल्या रकान्यातल्या शेवटच्या जागेपुढे ‘अजून संघात नाही’ असं लिहायला लाजू नका.

टप्पा ७: वाद मांडताना

नियम एकच ठेवा: ज्याला आत घ्याल त्याच्या बदल्यात कोण बाहेर, हे त्याच वाक्यात सांगा. ‘मेसनला ठेवायलाच हवं’ हे मत झालं. ‘मेसन आत, सर्मन बाहेर, कारण पंट आणि किकऑफला मेसन पहिल्या फळीत आहे’ हा युक्तिवाद. समोरचा नुसते यार्ड सांगत असेल तर त्याला क्वार्टर विचारा. तो वेव्हरची भीती घालत असेल तर संघाचं नाव विचारा. आणि तो प्रॅक्टिस स्क्वॉड (५३ बाहेर सरावासाठी ठेवलेले खेळाडू) विसरला असेल तर आठवण करून द्या: तिथे १६ जागा असतात, त्यांतल्या सहांवर कितीही अनुभवाचा खेळाडू ठेवता येतो. त्यामुळे ‘सोडला’ म्हणजे ‘गेला’ असं दरवेळी नसतं.

अंदाज लिहून ठेवताना तारीखही टाका. नंतर ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ म्हणणारे ग्रुपमध्ये भरपूर असतात.

टप्पा ८: मंगळवार ते पहिला सामना

मुदत मंगळवारी, पूर्व किनाऱ्याच्या दुपारी चारची. सँटा क्लारात तेव्हा एक वाजलेला असतो. वेव्हरवरचे दावे बुधवारी पूर्वेकडच्या बाराला बंद होतात. २०२५ मध्ये हा मंगळवार हरतालिकेला आणि बुधवार गणेश चतुर्थीला आला होता, त्यामुळे बऱ्याच घरांत आरती आणि वेव्हर एकाच सकाळी उरकले गेले.

मंगळवारची यादी पाहून पैज जिंकल्याचं जाहीर करू नका. ती कच्ची असते. बुधवार-गुरुवारी आयआरच्या हालचाली होतात, दावे लागतात, सोडलेला अनुभवी खेळाडू परत येतो. सर्मनचं २०२२ मध्ये असंच झालं. तुमचा हिशेब गुरुवारी संध्याकाळी तपासा.

त्यानंतर एकच काम उरतं. पहिल्या सामन्याआधी नव्वद मिनिटं गणवेशाबाहेरच्या खेळाडूंची यादी लागते. त्यात तुमचा चौथा बॅक असेल, तर त्याच्या जागी कोणाला उतरवलं ते बघा: जादा लाइनमन, जादा लाइनबॅकर, की प्रॅक्टिस स्क्वॉडवरून त्या दिवसापुरता वर आणलेला दुसरा बॅक? असं वर आणणं एका सामन्यात दोघांपुरतं आणि एका खेळाडूसाठी मोसमात तीनदाच चालतं. चौथ्यांदा हवा असेल तर त्याला ५३ मध्येच घ्यावं लागतं, आणि तेव्हा सहसा तुमच्या यादीतलं एखादं नाव खाली जातं.